पाठिंब्याचे पत्र आणि वैद्यांची संघटना

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी दोन-तीन महिने आपल्या संघटनेकडे एकच मागणी वेगवेगळ्या मुखांनी येत राहिली. तालुक्यातील समस्त वैद्यवर्गाचा अमुक इच्छुकास पाठिंबा आहे, असे चार ओळींचे पत्र संघटनेच्या शिक्क्यासह मिळावे, अशी ती मागणी होती. सभासदांपैकी काहींचे म्हणणे होते की, उमेदवार मुळशीचा असेल तर पत्र द्यावे. काहींच्या मते जो निवडून येण्याची शक्यता अधिक त्याला द्यावे, म्हणजे पुढे कामे होतात. पत्र कोणालाच दिले गेले नाही, परंतु ते का देऊ नये याविषयी आपल्यात आजही एकमत नाही. पुढील विधानसभा निवडणूक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. समोर कोणीही उमेदवार उभा नसताना अशा प्रश्नाचा निवाडा करणे सोपे जाते. म्हणून हा विषय आजच वाचकांपुढे मांडत आहोत.

प्रथम ‘स्थानिक उमेदवार’ या शब्दाविषयी. २००४ च्या निवडणुकीपर्यंत मुळशी नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो संपला आणि मुळशी तालुका भोर मतदारसंघात गेला. भोर, वेल्हे (आता राजगड) आणि मुळशी या तीन तालुक्यांचा हा मतदारसंघ आहे. हिंजवडीतील संगणक कंपन्यांच्या इमारती, पौडची बाजारपेठ, ताम्हिणीच्या पावसातील वाड्या आणि राजगडाच्या पायथ्याची गावे या सर्वांचा आमदार एकच. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही वेळा भोरचे संग्राम थोपटे काँग्रेसतर्फे निवडून आले. ‘या वेळी मुळशीचा आमदार’ ही भावना २०२४ मध्ये किती प्रबळ होती, हे तालुक्यात राहणाऱ्या कोणास सांगावयास नको. राष्ट्रवादी काँग्रेसचे शंकर मांडेकर १९ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये थोपटे भारतीय जनता पक्षात गेले. कोणाचा पक्ष कोणता, हे एका अंकातून दुसऱ्या अंकापर्यंत टिकेल याची शाश्वती त्रैमासिकाने देऊ नये, हे बरे.

आपल्या तालुक्याचा माणूस असावा ही इच्छा स्वाभाविक आहे. पंधरा वर्षे विधानसभेत आपले गाऱ्हाणे दुसऱ्या तालुक्याच्या तोंडून जात असेल, तर ती इच्छा तीव्र होणारच. तरीही जन्मगाव हा निकष पुरेसा आहे काय? या तालुक्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासात मुळशीसाठी सर्वाधिक झिजलेला माणूस कोण, असे विचारले तर उत्तर एकच येते. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी ज्यांनी पुन्हा पुन्हा तुरुंग भोगला आणि ज्यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली, ते पांडुरंग महादेव बापट पारनेरचे होते. आपल्या व्यवसायापुरते पाहावयाचे तर पंडित शिवशर्मा १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले ते मध्य प्रदेशातील विदिशा येथून. जन्म पंजाबातला, व्यवसाय मुंबईत आणि मतदारसंघ विदिशा. या दोन उदाहरणांवरून बाहेरचाच उमेदवार चांगला, असा उलटा सिद्धान्त कोणी काढू नये. आमचे म्हणणे इतकेच की ‘स्थानिक’ हे विशेषण माणसाच्या पत्त्याला लावण्याऐवजी त्याने केलेल्या कामाला लावावे. पावसाळ्यात रस्ता खचल्यावर मुळशी धरणापलीकडच्या वाडीतील बाळंतीण दवाखान्यात कशी पोहोचते, हे ज्याला विचारावे लागत नाही, तो आमच्या दृष्टीने स्थानिक.

आता पाठिंबा द्यावयाचा झाला तरी तो कोणत्या वेळी, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठीच आधी एक निवडणूक होते. तिला तेथे ‘प्रायमरी’ म्हणतात. त्या पक्षाचे सामान्य मतदार त्यात मत देतात आणि डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, कामगारांच्या संघटना इच्छुकांना लेखी प्रश्न पाठवून, मुलाखती घेऊन आपली पसंती त्याच टप्प्यावर जाहीर करतात. आपल्याकडे तो टप्पा मतदाराच्या दृष्टीस पडतच नाही. उमेदवारी मुंबईत किंवा दिल्लीत ठरते आणि मतदारापुढे तयार यादी येते. अपवाद म्हणून २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने देशातील पंधरा-सोळा मतदारसंघांत हा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर येथे पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी मतदान करून उमेदवार निवडला. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे निवडले गेले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. प्रत्यक्ष निवडणुकीत दोघेही पराभूत झाले आणि प्रयोग मागे पडला. पराभवाचे कारण ही पद्धत होती, असे म्हणता येणार नाही. त्या वर्षीची लाटच तशी होती. मात्र मत देण्याचा अधिकार पदाधिकाऱ्यांपुरताच राहिला की निवड घराण्याबाहेर जाणे किती अवघड असते, हे वर्ध्याने दाखविले. २०२४ च्या विधानसभेपूर्वी भारतीय जनता पक्षानेही आपल्या पदाधिकाऱ्यांकडून पसंतीची नावे बंद लिफाफ्यात मागविली होती. लिफाफ्यात काय होते ते बाहेरच्यांना कळण्याची सोय नव्हती.

म्हणजे खरी निवड जेथे होते तेथे आपला आवाज नाही आणि आपला आवाज जेव्हा मागितला जातो तेव्हा निवड झालेली असते. अर्ज माघारीच्या मुदतीनंतर दिलेल्या पाठिंब्याच्या पत्राचे मूल्य एका फलकाइतके. उमेदवार ते छापतो, आठवडाभर मिरवतो आणि निकालानंतर त्यातील एकाही शब्दाने बांधला जात नाही. कायद्याच्या बाजूनेही थोडे भान हवे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे लागतात आणि उमेदवाराच्या संमतीने त्याच्या प्रचारासाठी केलेला खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो. संघटनेच्या अंकात पाठिंब्याचे पान छापणे ही वाटते तितकी निरुपद्रवी गोष्ट नाही.

परंतु याहून गंभीर बाब निराळी आहे. पत्र न देताही आपण पाठिंबा देत असतो. निवडणुकीला सहा महिने उरले की तालुक्यात ‘महाआरोग्य शिबिरां’चा हंगाम सुरू होतो. शाळेच्या पटांगणात मांडव, मांडवावर इच्छुकाचे दहा फुटी छायाचित्र आणि त्याखाली ओळीने मांडलेल्या टेबलांपाशी आपण. तीन तासांत दोनशे रुग्ण. नाडी पाहण्यास सवड नाही, कोष्ठाची चौकशी नाही, आहारविहाराचे नावच नको. रक्तदाब मोजायचा, इच्छुकाच्या चित्राची पिशवी हाती द्यायची, पुढचा रुग्ण. पुढील महिन्यात त्यांपैकी कोणाचा रक्तदाब किती आहे हे कोणासही ठाऊक नसते, कारण केसपेपरच ठेवलेला नसतो. ज्या म्हातारीस तिथे प्रथमच साखर असल्याचे कळले, ती आठ दिवसांच्या गोळ्या संपल्यावर कोणाकडे जाणार? हे चिकित्सा नव्हे. आपल्या पांढऱ्या कोटाचा उपयोग येथे मांडवाच्या कनातीसारखा होतो. लेखी पाठिंबा निदान वाचणाऱ्यास पाठिंबा म्हणून ओळखता येतो. शिबिरातील पाठिंबा रुग्णाच्या विश्वासातून, त्याला न विचारता, वळता केला जातो.

आणि हा विश्वास आपला एकट्याचा नसतो. मुळशीतील कोणतेही गाव घ्या, ग्रामपंचायतीपासून सहकारी सोसायटीपर्यंत दोन तट असतातच. दवाखान्याच्या बाकावर मात्र दोन्ही तटांची माणसे शेजारी बसतात. आर्तवाची तक्रार, दारूचे व्यसन, मूल न होण्याचे दुःख हे सारे ती वैद्यास सांगतात ते त्याला गावाच्या तटाबाहेरचा मानून. उद्या त्याच दवाखान्याच्या भिंतीवर एका तटाचा फलक लागला तर दुसऱ्या तटाचा रुग्ण येणे थांबवील असे नाही, कारण जवळ दुसरा दवाखाना नसतो. तो येईल, पण सांगणार नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील तिसरी परीक्षा त्या दिवसापासून लंगडी पडते. शहरातील व्यावसायिकांस हे नुकसान कदाचित दिसणार नाही. तेथे रुग्ण दवाखाना बदलतो आणि प्रश्न मिटतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. संघटनेच्या नावाने कोणत्याही उमेदवारास पाठिंबा देऊ नये. उमेदवार मुळशीचा असो वा भोरचा, किंवा आपल्यातीलच एखादा वैद्य असो. व्यक्तिशः प्रत्येक सभासद नागरिक आहे. त्याने सभेस जावे, प्रचार करावा, स्वतः उभे राहावे. पण ते दवाखान्याबाहेर आणि संघटनेच्या पदनामाविना.

याचा अर्थ राजकारणापासून दूर राहावे असा नाही. तसे राहणे आपणांस परवडणारे नाही. आपल्या व्यवसायाचा कायदेशीर पाया विधिमंडळात आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चा. आधुनिक औषधे वापरण्याची मुभा राज्य शासनाच्या १९९२ च्या अधिसूचनेने आली आणि १९९८ मध्ये मुख्तियारचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे सांगितले. केंद्रीय स्तरावर पूर्वी भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेत आपण निवडून दिलेले सदस्य असत. २०२० च्या अधिनियमाने तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आला आणि तो मुख्यतः नियुक्त सदस्यांचा आहे. दिल्लीतील आपले मत असे क्षीण झाल्यावर मुंबईतील आमदाराचे महत्त्व वाढते.

तेव्हा करावयाचे ते असे. निवडणुकीपूर्वी निदान सहा महिने, उमेदवारी ठरण्याच्या आधी, सर्व पक्षांच्या तालुका व जिल्हा शाखांना आणि ज्ञात असलेल्या प्रत्येक इच्छुकास एकच प्रश्नपत्रिका पाठवावी. आलेली उत्तरे एका शब्दाचाही फरक न करता या अंकात छापावीत आणि न आलेल्या उत्तरांची जागा कोरी सोडावी. प्रश्न मोघम नसावेत. ‘आयुर्वेदाच्या विकासासाठी आपण काय कराल’ असे विचारले तर ‘कटिबद्ध आहोत’ असेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारावे, तालुक्याच्या पश्चिम भागातील उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणारे आयुर्वेद पदवीधर कंत्राटी आहेत, त्यांच्या नियमित नेमणुकीविषयी आपण सभागृहात तारांकित प्रश्न विचाराल काय? आमदार स्थानिक विकास निधी आता वर्षाला ५ कोटी रुपये आहे, त्यातील किती भाग आरोग्यासाठी आणि कोणत्या गावात? सर्पदंशावरील लस पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे की नाही, हे आपण स्वतः किती वेळा पाहिले? नोंदणी नसताना वैद्य म्हणवून घेणाऱ्यांवरील कारवाईत पोलीस ठाण्यास आपला दूरध्वनी कोणत्या बाजूने जाईल? हा शेवटचा प्रश्न खोचक वाटेल. ज्यांनी अशा तक्रारी दाखल करून पाहिल्या आहेत, त्यांना तो वाटणार नाही.

याच बरोबर एक तारतम्यही हवे. प्राथमिक आरोग्य केंद्रे चालवते ती जिल्हा परिषद. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होता. त्या काळात औषधसाठ्याची तक्रार कोणाकडे करावी हे सदस्य नसल्याने कळत नसे आणि लोक सारे खापर आमदारावर फोडत. आमदारास त्याच्या अधिकाराबाहेरचे विचारून अडचणीत आणणे हा आपला हेतू नसावा. जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या इच्छुकांसाठी वेगळी प्रश्नपत्रिका करावी. किंबहुना आधी तीच करावी.

काही सभासदांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. इतर व्यावसायिक संघटना पाठिंबा देतात, त्यांची कामे होतात आणि आपण प्रश्न विचारीत बसलो तर आपल्याला कोण मोजणार? आक्षेपात तथ्य आहे. तालुक्यात वैद्यांची मते मोजकीच आणि ती एकगठ्ठा पडत नाहीत हे प्रत्येक पक्ष जाणतो. परंतु म्हणूनच पत्राचा सौदा आपल्या हिताचा नाही. ज्याच्याकडे गठ्ठा नाही त्याने गठ्ठ्याच्या बाजारात उभे राहू नये. आपल्याजवळ जे आहे ते निराळे आहे. कोणत्या वाडीत कोणता आजार कोणत्या ऋतूत वाढतो, कोणत्या केंद्रात रात्री कोणी नसते, ही माहिती आपल्याइतकी सविस्तर कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत, संधाय आणि विगृह्य. इच्छुकांशी पहिल्या प्रकाराने बोलावे. दुसरा राखून ठेवावा तो निवडून आल्यावर उत्तरे विसरणाऱ्यांसाठी.

शिबिरांबाबतही कार्यकारिणीने ठराव करावा, अशी आमची सूचना आहे. आयोजक कोणीही असो, प्रत्येक रुग्णाचा केसपेपर, त्याची एक प्रत रुग्णाकडे, महिनाभरात फेरतपासणीची तारीख आणि मांडवात कोणाचेही छायाचित्र नाही, या अटी मान्य असतील तर संघटनेचे वैद्य जातील. प्रश्नपत्रिकेचा मसुदा पुढील अंकात देण्याचा मानस आहे. सभासदांनी आपल्या गावाशी निगडित असलेला एक प्रश्न, तीन ओळींहून मोठा नको, संपादक मंडळाकडे लेखी पाठवावा. पश्चिम पट्ट्यातील, म्हणजे धरणापलीकडील आणि ताम्हिणी बाजूच्या वैद्यबंधु-भगिनींनी तो आवर्जून पाठवावा. पिरंगुट आणि हिंजवडीकडून प्रश्न भरपूर येतील, याची आम्हांस खात्री आहे.