काशी, अरबी आणि आपले प्रशासन

वाराणसीच्या मानमंदिर घाटावरील वेधशाळा पाहायला जाणारा मराठी प्रवासी सवाई जयसिंगाचे नाव ऐकून परततो. जयसिंगाच्या ज्योतिषकार्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते पंडित जगन्नाथ सम्राट मूळच्या महाराष्ट्रातील वैदिक घराण्याचे होते, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. राजाच्या सूचनेवरून जगन्नाथ अरबी आणि फारसी शिकले. नसीरुद्दीन तूसीने अरबीत सिद्ध केलेली युक्लिडची भूमिती त्यांनी 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाच्या अरबी आवृत्तीवरून १७३२ साली 'सम्राट-सिद्धान्त' लिहिला. त्याहीपूर्वी, १६५८ साली, गोदाकाठच्या गोलग्रामाहून काशीत आलेल्या घराण्यातील कमलाकरांनी 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिला. त्यातही इस्लामी ज्योतिषपरंपरेतील ज्ञान आले आहे. काशीच्या विद्वत्तेला अरबी परकी नव्हती, आणि तो दुवा जोडणाऱ्यांत आपली माणसे होती.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला या कथेत विद्वत्तेइतकीच आणखी एक गोष्ट दिसते. जगन्नाथांच्या शिकण्यामागे राजाज्ञा होती, नेमके काम होते आणि निर्वाहाची चिंता दरबाराने उचललेली होती. प्रौढ वयाचा माणूस वेगळ्या लिपीची, वेगळ्या कुळाची भाषा शिकतो तो बहुधा अशाच व्यवस्थेमुळे. हौस किंवा प्रतिभा वाटेत थकते.

आज आपल्याला अरबी कशासाठी हवी? आखातातील सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातील कित्येक घरांची चूल तिकडच्या पगारावर पेटते. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याचे नववे कलम असे आहे की नोकरीचा करार अरबीत असावा, आणि सोबत दुसऱ्या भाषेतील मजकूर असला तरी तफावत निघाल्यास अरबी मजकूर ग्राह्य धरावा. म्हणजे ज्या कागदावर आपल्या माणसाचे वेतन, रजा, परतीचे तिकीट अवलंबून आहे, त्याची अंतिम भाषा त्याला वाचता येत नाही. ते एक वेळ समजू शकते, तो गवंडी किंवा वाहनचालक आहे. परंतु दलालाने फसवल्याची तक्रार घेऊन त्याची पत्नी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात येते, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यालाही तो कागद वाचता येत नाही. त्याच्या वरच्यालाही नाही. मग आखातातून परतलेला कुणी, नाहीतर जवळच्या मदरशातील एखादे मौलवी शोधावे लागतात. सरकारी तपासाचा पाया अशा उपकारावर उभा असावा, हे मला पटत नाही. दुबई-मस्कतमध्ये राहणाऱ्या वाचकांना याची अनेक उदाहरणे ठाऊक असतील.

भारतीय परराष्ट्र सेवेतील ज्या अधिकाऱ्यांना अरबी मिळते, त्यांना शिक्षणासाठी कैरोसारख्या ठिकाणी पाठवले जाते. ही पद्धत उत्तम आहे. पण ते अधिकारी मूठभर, आणि त्यांचे कार्यक्षेत्र दूतावास. इकडे देशांतर्गत सेवांसाठी आपण उलटी वाट धरली. नागरी सेवा परीक्षेत अरबी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येत असे; २०१३ साली तो फारसी, पाली आणि काही युरोपीय भाषांसह वगळण्यात आला. त्या विषयाच्या परीक्षेत मोअल्लकात वाचलेला उमेदवार करारपत्र वाचू शकेलच असे नाही, हे मान्य. तरीही एक दार होते, ते बंद झाले आणि दुसरे उघडले नाही.

दुसऱ्या दाराचा नमुना जगात तयार आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या हिशेबाप्रमाणे इंग्रजी भाषकाला अरबीत कामापुरते प्रावीण्य येण्यास ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तासांचे अध्यापन लागते. आठवड्याला चार तासांच्या महाविद्यालयीन वर्गाने हा डोंगर चढायचा तर दहा वर्षेही अपुरी पडतील. म्हणून उन्हाळी सघन वर्ग. मिडलबरी कॉलेजने १९८२ साली अरबीचा असा वर्ग सुरू केला. तेथे विद्यार्थी शिकत असलेल्या भाषेखेरीज अन्य भाषेत न बोलण्याची लेखी प्रतिज्ञा करतो आणि आठ आठवडे जेवणाच्या टेबलावरही ती पाळतो. वर्षभराचा अभ्यासक्रम एका उन्हाळ्यात बसतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर अमेरिकेने या विषयाकडे राष्ट्रीय गरज म्हणून पाहिले. १९९८ साली तेथील महाविद्यालयांत अरबी शिकणारे साडेपाच हजार होते, ते २००६ पर्यंत जवळपास चोवीस हजार झाले. त्याच वर्षी परराष्ट्र खात्याने निकडीच्या भाषांसाठी उन्हाळी शिष्यवृत्ती सुरू करून विद्यार्थ्यांना त्या त्या देशांत पाठवायला आरंभ केला. भीतीपोटी का होईना, पैसा आणि वेळ काढला गेला.

गंमत अशी की या पद्धतीचे यश वाराणसीने स्वतः पाहिले आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाने कित्येक दशके आपले विद्यार्थी तेथे हिंदीसाठी पाठवले. आधी मॅडिसनमध्ये उन्हाळाभर सघन वर्ग आणि मग वर्षभर काशीत वास्तव्य, असा तो क्रम. पुण्यातही परदेशी विद्यार्थी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या वर्गात मराठी शिकतात. इतकेच काय, १८०५ साली विल्यम कॅरेने मराठीचे व्याकरण छापले, ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी शिकवता यावी म्हणून. आपली भाषा शिकवण्यासाठी इतरांनी केलेल्या व्यवस्था आपण दोनशे वर्षे पाहतो आहोत. आपल्या अधिकाऱ्यांना परकी भाषा शिकवण्याची तशी व्यवस्था मात्र आपण उभी केली नाही.

थेट परदेशीच का पाठवू नये, असे कुणी विचारील. खर्च हे एक कारण. दुसरे असे की परदेशातील केंद्रे आपल्या हातात नसतात. ब्रिटिशांनी लेबनॉनमधील शेमलान गावी अरबीचे नामांकित केंद्र चालवले, ते १९७८ साली यादवीमुळे बंद झाले. दमास्कस हे जगभरच्या विद्यार्थ्यांचे आवडते ठिकाण होते. २०११ नंतर ते दार लागले. तिसरे कारण भाषेच्या स्वभावात आहे. ग्रांथिक अरबी आणि रस्त्यावरची अरबी यांत मोठे अंतर असते, आणि रस्त्यावरचीसुद्धा कैरोची वेगळी, आखाताची वेगळी. आमच्या कारकुनाला प्रथम हवी ती कागदावरची, न्यायालयाची ग्रांथिक अरबी. ती घरी पक्की करता येते. बोलीसाठी पुढे मस्कतला किंवा अम्मानला चार महिने पाठवावे.

घरी म्हणजे कुठे? माझे मत वाराणसीच्या बाजूने आहे. हैदराबाद, लखनौ, केरळ यांचा दावा मोठा आहे हे जाणून मी हे लिहितो. केरळच्या सरकारी शाळांत अरबीचे शिक्षक असतात, हे महाराष्ट्राने आवर्जून पाहण्यासारखे आहे. पण बनारस हिंदू विद्यापीठात अरबीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि शहरात १९६०च्या दशकात सुरू झालेली जामिया सलफिया आहे, जिथे अरबी हे अध्यापनाचे माध्यम आहे. उत्तम संस्कृतज्ञ आणि उत्तम अरबीज्ञ एकाच शहरात चहाच्या अंतरावर असणे, ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. धातूपासून शब्द घडवण्याची अरबीची रीत पाणिनी जाणणाऱ्याला शिकवायची असेल, तर उदाहरणे सहज सापडतील.

यावर आक्षेप येईल तो पैशाचा नसेल. भाषेला धर्माची मालमत्ता समजण्याची सवय आपल्यात खोल आहे. २०१९ साली बनारस हिंदू विद्यापीठाच्या संस्कृतविद्या धर्मविज्ञान संकायात एका मुस्लिम प्राध्यापकांची नेमणूक झाली, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी धरणे धरले. निवड नियमानुसार झाली, असे विद्यापीठाने स्पष्ट सांगितले. तरीही ते प्राध्यापक अखेर कला शाखेतील संस्कृत विभागात गेले. अरबीचा वर्ग काढल्यास उलट दिशेने तोच प्रश्न विचारला जाईल: आमच्या फौजदाराने अरबी कशाला शिकायची? त्याचे उत्तर सौदी कायद्याच्या नवव्या कलमात आहे.

वेळेचा प्रश्नही मोठा नाही. मे-जूनमध्ये विद्यापीठाची वसतिगृहे मोकळी असतात. वाराणसीत त्या दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा वर्ग पहाटे सहाला भरवावे, दुपार पाठांतराला ठेवावी आणि संध्याकाळी पुन्हा बसावे. कोकणातून आलेल्यांना लू सोसणे जड जाईल, पण आखाताची थोडी कल्पना तरी येईल. पहिल्या तुकडीत २० जण पुरेत: मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयातील चौघे, कोकणच्या तीन जिल्ह्यांतील पोलीस आणि कामगार खात्याचे प्रत्येकी दोघे, आणि उरलेले चार न्यायालयीन अनुवादक. त्यांचा पगार चालू ठेवावा, या काळात बदली करू नये, आणि परतल्यावर किमान तीन वर्षे त्याच टेबलावर बसवावे.