दानाची पावती आणि कापसाची पट्टी



परदेशी फाउंडेशनचा माणूस गावात आला की आपण हार घालतो, चहा पाजतो. पाहुण्याचा मान राखावाच. पण हारासोबत हिशोबही विचारावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रॉकफेलर फाउंडेशन १९१३ सालचे. पैसा स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचा. मक्तेदारी केली म्हणून अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये ती कंपनी मोडली होती. दोन वर्षांत त्याच पैशातून साऱ्या जगाचे कल्याण करणारी संस्था उभी राहिली! तिने कामही केले. दवाखाने, विद्यापीठे, पीतज्वराची लस, यातले काही खोटे नाही. आपली हायब्रीड ज्वारी, १९६४ चे सीएसएच-१, तीही याच मदतीच्या वाटेने आली. १९७२ मध्ये पाटणचेरूला इक्रिसॅट निघाली, तिच्यामागेही रॉकफेलर आणि फोर्ड फाउंडेशनचा हात होता.

ज्वारीचा उतारा वाढला. ज्वारीवाला का नाही वाढला? सरकारने रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ ठेवला आणि ज्वारीचे गिऱ्हाईकच पळवले. बियाण्याला देणगी मिळाली, मालाला भाव नाही.

कापसाचे तर विचारूच नका. २००१-०२ च्या हंगामात अमेरिकेने आपल्या जेमतेम २५ हजार कापूसवाल्यांना ३०० कोटी डॉलरच्या वर अनुदान वाटले. जगभर भाव दबला. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली : अनुदान उठवा, आणि उठेपर्यंत आमचे नुकसान भरून द्या. नुसता ठणठणाट. मात्र २००६ मध्ये रॉकफेलर आणि गेट्स फाउंडेशनने आफ्रिकेत हरितक्रांती आणायला १५ कोटी डॉलर जाहीर केले. तेही काही वर्षांत वाटायचे. एका हंगामात ३०० कोटींची माती कालवायची आणि मग १५ कोटींचे बियाणे-खत घेऊन शिकवायला यायचे!

फाउंडेशन म्हणजे अमेरिकेचे सरकार नव्हे, असे कोणी म्हणेल. कबूल. पण करसवलत त्याच सरकारची आहे. कायद्याने वर्षाला ठेवीच्या सुमारे ५ टक्के वाटले की भागते, बाकीचा पैसा शेअर बाजारात वाढत राहतो. आपल्या घरातले बियाणेसुद्धा सावकाराच्या नजरेतून सुटत नाही.

आणि दिल्ली? तीही धुतल्या तांदळासारखी नाही. मार्च २०१२ मध्ये एका फर्मानाने कापसाची निर्यात बंद केली. त्या आठवड्यात घरात कापूस भरून बसलेल्यांना कोणत्या फाउंडेशनने भरपाई दिली?

पोरांना दप्तरे मिळत असतील तर जरूर घ्या. फक्त वाटपाच्या सभेत आभार मानायला उभे राहाल तेव्हा गेल्या हंगामाची कापसाची हिशोबपट्टी खिशात न्या, आणि पाहुण्यांसमोर ती मोठ्याने वाचून दाखवा.