गाणं आरोपी, पोर संशयित

१९९० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रिनो शहरात, एका गाण्यावर खटला चालला. त्याआधी पाच वर्षं, नाताळच्या तोंडावर, शेजारच्या स्पार्क्समध्ये १८ आणि २० वर्षांच्या दोन मित्रांनी चर्चच्या आवारातल्या खेळाच्या मैदानात जाऊन स्वतःवर बंदूक चालवली होती. एक जागीच गेला. दुसरा चेहरा गमावून वाचला आणि तीन वर्षांनी तोही गेला. घरच्यांनी ‘जुडास प्रीस्ट’ या ब्रिटिश बँडला कोर्टात खेचलं. त्यांच्या १९७८ च्या ‘स्टेन्ड क्लास’ या अल्बममधल्या एका गाण्यात ‘करून टाक’ असा छुपा हुकूम दडवलेला आहे आणि तो ऐकूनच मुलांनी जीव दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते गाणं मुळात या बँडचं नव्हतंच, दुसऱ्या एका बँडचं जुनं गाणं त्यांनी गायलं होतं. तरी कित्येक दिवस शहाणीसुरती माणसं कोर्टात ध्वनिफितीचा एकेक तुकडा कानात प्राण आणून ऐकत बसली. शेवटी न्यायाधीशांनी निकाल दिला: तो हुकूम नव्हे, गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा आवाज योगायोगाने एकत्र आलेत. बँड सुटला.

याच खटल्यात त्या मुलांची आयुष्यंही उघडी पडली. घरातली मारहाण, अर्ध्यावर सुटलेली शाळा, हातून जाणारी कामं, त्या दिवशी तासन्‌तास चाललेली बिअर आणि गांजा. हे सगळं शपथेवर नोंदलं गेलं आहे. पण याचा जाब कुणालाच विचारला गेला नाही. कोर्ट भरलं ते गाण्यासाठी. मुलं जिवंत असताना त्यांचं म्हणणं ऐकायला कुणाला एक तास सापडला नव्हता, आणि ती गेल्यावर मात्र एका उच्छ्वासावर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. मला याचा संताप येतो. पस्तीस वर्षं उलटली म्हणून तो कमी होत नाही, कारण ही रीत अजून मोडलेली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. दुःखात असलेल्या पोराची मोठ्या माणसांना भीती वाटते. आपल्याला त्याचा राग येत असेल, काळजी वाटत असेल, पण या दोन्हींच्या तळाशी भीती असते. हे पोर तोंड उघडेल आणि आपल्या घराबद्दल, आपल्या शाळेबद्दल काहीतरी खरं बोलून जाईल, याची ती भीती. म्हणून आपण त्याचं तोंड बघत नाही. त्याच्या कानातलं गाणं बघतो, टी-शर्टवरची कवटी बघतो, केस बघतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे, आणि त्यात संन्यासीही आपलंच लेकरू असतं.

रॉक संगीताने ही गोष्ट मोठ्यांच्या तोंडावर सांगितली, म्हणून ते संगीत मोठ्यांना खुपलं. सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर अशा गाण्यांविरुद्धच्या मोहिमेच्या पुढे होत्या. ‘ट्विस्टेड सिस्टर’ या बँडच्या ‘अंडर द ब्लेड’ गाण्यात त्यांना लैंगिक छळ दिसला होता. गाणं लिहिणारा डी स्नायडर स्वतः सिनेटसमोर आला आणि त्याने सांगितलं की हे आमच्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेबद्दल आहे, ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या माणसाच्या भीतीबद्दल आहे. भीतीबद्दलचं गाणं ऐकून मोठी माणसं घाबरली आणि त्यातली भीती सोडून बाकी सगळं त्यांना ऐकू आलं. अल्बमवर इशाऱ्याची चिठ्ठी लागली आणि समाजाने काहीतरी केलं असं सगळ्यांना वाटलं.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते ‘जेरेमी’चं प्रकरण. जानेवारी १९९१ मध्ये टेक्सासमधल्या रिचर्डसन या डॅलसच्या उपनगरात १५ वर्षांच्या एका मुलाने भर वर्गात, मुलांच्या आणि बाईंच्या डोळ्यांदेखत, स्वतःवर गोळी झाडली. सिअॅटलच्या ‘पर्ल जॅम’ बँडचा गायक एडी व्हेडर याने ही बातमी वर्तमानपत्रात वाचली. एवढंसं आयुष्य, आणि त्याचा शेवट कागदाच्या कोपऱ्यातल्या काही ओळींत, हे त्याला सोसलं नाही. आपल्या शाळेतल्या आणखी एका मुलाची आठवण त्यात मिसळून त्याने ‘जेरेमी’ हे गाणं लिहिलं. घरात आईबाप आहेत पण कुणाचं लक्ष नाही, असा एक मुलगा. सांगणारा आहे त्याचा वर्गमित्र, ज्याने त्याला छळलेलंही आहे. मला या गाण्याची ताकद इथे वाटते. सांगणारा स्वतःला निर्दोष ठरवत नाही. आपल्याकडच्या किती शोकसभांत एवढा प्रामाणिकपणा असतो?

१९९२ मध्ये मार्क पेलिंग्टनने त्याचा व्हिडिओ केला. शेवटी मुलगा वर्गात येतो, पिस्तूल काढतो आणि स्वतःच्या तोंडात धरतो. एमटीव्हीच्या नियमांत हे बसेना. चौकट जवळ ओढली गेली, पिस्तूल गायब झालं, उरला फक्त मुलाचा चेहरा, आणि त्यानंतर रक्ताचे शिंतोडे अंगावर घेऊन गोठून बसलेली वर्गातली मुलं. ते रक्त जेरेमीचं होतं. पण पिस्तूल कुणाकडे वळलं होतं तेच कापलं गेल्यामुळे असंख्य प्रेक्षकांची समजूत झाली की या पोराने वर्गातल्या मुलांना ठार मारलं. मोठ्यांनी मोठ्यांच्या सोयीसाठी एक कात्री चालवली आणि स्वतःचा जीव घेणारं पोर जगभर खुनी ठरलं. १९९३ मध्ये त्या व्हिडिओला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट व्हिडिओचं पारितोषिक मिळालं, बहुतेकांनी पाहिलेली आवृत्ती ही कापलेलीच. मूळ शेवट बँडने लोकांसमोर आणला २०२० मध्ये.

एका दृश्याच्या कापाकापीबद्दल मी एवढी का बोलते आहे? कारण आपण रोज हेच करतो. पोर स्वतःला इजा करत असतं आणि आपण विचारतो, हे दुसऱ्यांना काही करणार नाही ना? एकटं बसणारा, डबा न खाणारा, फुलबाह्यांचा शर्ट उन्हाळ्यातही न सोडणारा मुलगा दिसला, की पहिला विचार इतर मुलांच्या सुरक्षेचा होतो. त्याची सुरक्षा कुणाच्या यादीतच नसते.

आणि मग ही कापलेली गोष्ट पुरावा म्हणून परत येते. फेब्रुवारी १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक गावात १४ वर्षांच्या मुलाने वर्गात घुसून दोन विद्यार्थी आणि गणिताच्या शिक्षिका यांना ठार केलं. तीन जीव गेले. त्याला माफ करा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. खटल्यात सरकारी पक्षाने ‘जेरेमी’चा व्हिडिओ दाखवला. पण त्याच खटल्यात मुलाच्या आईनेही साक्ष दिली: नवरा आणि त्याची मैत्रीण यांच्यादेखत जीव द्यायचा आपला बेत तिने आपल्या १४ वर्षांच्या मुलाला आधीच सांगून ठेवला होता. चौदा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर एवढं ओझं टाकणारं घर एका बाजूला आणि पाच मिनिटांचं गाणं दुसऱ्या बाजूला. लोकांच्या लक्षात राहिलं ते गाणं.

गाण्याची ही भीती किती खोल जाऊ शकते ते वेस्ट मेम्फिसने दाखवलं. अर्कान्सॉ राज्यातल्या या गावात मे १९९३ मध्ये आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचा खून झाला. गाव हादरलं, हादरणारच. पोलिसांनी पकडले तीन किशोर: डेमियन एकल्स १८ वर्षांचा, जेसी मिसकेली १७ चा, जेसन बाल्डविन १६ चा. गरीब घरातली मुलं. डेमियन काळे कपडे घालायचा, मेटॅलिका ऐकायचा, स्टीफन किंग वाचायचा. बुद्धीने मंद असलेल्या जेसीला तासन्‌तास बसवून कबुलीजबाब घेतला गेला, त्यात तपशिलांचा मेळ नव्हता. गुन्ह्याशी जोडणारा ठोस भौतिक पुरावा नव्हता. मग सरकारी पक्षाने सैतानपूजेचा एक ‘तज्ज्ञ’ उभा केला. त्याची डॉक्टरेट वर्गात पाऊल न ठेवता टपालाने मिळवलेली होती. काळी नखं, काळे केस, काळे टी-शर्ट या खुणांबद्दल त्याने शपथेवर सांगितलं, आणि ते ऐकून घेतलं गेलं. १९९४ मध्ये डेमियनला मृत्युदंड झाला, इतर दोघांना जन्मठेप. गावातल्या हजारो पोरांच्या कपाटात तेच टी-शर्ट असतील. या तिघांपाशी वकिलावर खर्चायला पैसा नव्हता आणि त्यांच्या बाजूने उभं राहील असं गावात वजनदार कुणी नव्हतं.

त्यांच्या बाजूने उभे राहिले ते तेच बदनाम संगीतवाले. मेटॅलिकाने या खटल्यावरच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या १९९६ च्या माहितीपटाला आपलं संगीत वापरू दिलं, त्याआधी त्यांनी कुठल्याच चित्रपटाला ते दिलं नव्हतं. एडी व्हेडर वर्षानुवर्षं या तिघांसाठी लढला. पुढे डीएनए चाचण्या झाल्या, त्या तिघांपैकी कुणाशीही जुळल्या नाहीत. १९ ऑगस्ट २०११ रोजी ते सुटले, तेही एका विचित्र तडजोडीवर: आपण निर्दोष आहोत असं म्हणायची मुभा, पण कागदोपत्री दोष मान्य. त्या दिवशी व्हेडर न्यायालयात हजर होता. अठरा वर्षं गेली होती. आणि त्या तीन चिमुरड्यांचा खरा मारेकरी कोण, हे शोधायचं राहिलंच. काळ्या टी-शर्टवर समाधान मानलं की हा आणखी एक अन्याय होतो, त्या मेलेल्या मुलांवरचा.

हे अमेरिकेतलं आहे, आपल्याकडे कुठे कोण रॉक ऐकतं, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ होता. जुलैच्या शेवटी अंधेरीत १४ वर्षांच्या मुलाने जीव दिला आणि दोन दिवसांत सगळ्या वाहिन्यांवर एका ऑनलाइन खेळाचं नाव झळकू लागलं. सरकारने इंटरनेट कंपन्यांना पत्रं पाठवली, शाळांनी पालकांना इशारे दिले, घराघरात मोबाइल तपासले गेले. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, की तपासलेल्या कुठल्याही मृत्यूशी या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. ही बातमी किती जणांना आठवते? देशात २०२२ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वात वर आहे. या आकड्यासाठी कुठला खेळ पकडायचा? कुठलं गाणं?

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावीचा एखादा मुलगा गप्प झाला की स्टाफरूममध्ये पहिलं वाक्य येतं, ‘त्याच्यापासून जरा जपून, वेगळाच वाटतो.’ दुसरं येतं, ‘काय तो धांगडधिंगा ऐकत असतो दिवसभर.’ मी त्यांना सांगते, तो काय ऐकतोय ते विचारा. खरंच विचारा. निराश मुलं निराश गाणी ऐकतात, हे नाकारायचं कारण नाही. तापलेल्या अंगाला थर्मामीटर लावला तर पारा चढणारच, म्हणून थर्मामीटर फोडायचा का? मेटॅलिकाचं ‘फेड टु ब्लॅक’ हे १९८४ चं गाणं मरणाची इच्छा झालेल्या माणसाचं आहे. त्या गाण्याने आपल्याला थांबवलं, असं सांगणारे चाहते त्या बँडला आजही भेटतात. आपल्यासारखं आणखी कुणाला वाटतं, एवढं कळल्यानेही माणूस एखादी रात्र काढतो. ती रात्र काढून देणं हे आमचं काम होतं. ते आम्ही केलं नाही आणि कुण्या लांबच्या गिटारवाल्याने केलं, तर त्याचे उपकार मानायला हवेत.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आमच्याकडे विद्यार्थी १०० च्या कितीतरी पट आहेत आणि ती जागा अजून रिकामी आहे. निधी नाही, असं उत्तर मिळतं. दारावर केस मोजायला आणि बॅगा उघडायला माणूस आहे, त्याचा पगार दर महिन्याला निघतो. पुढच्या पालक-शिक्षक सभेत मी सगळ्यांसमोर हा एकच प्रश्न विचारणार आहे: समुपदेशक कधी येणार? तारीख मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.