तळ्यांचा जिल्हा आणि न विरणारे रेणू

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांवर येथे धान पिकते आणि ढिवरांची मासेमारी चालते. साठल्या पाण्यावर जगणाऱ्या अशा जिल्ह्याने प्रयोगशाळेतील एका निरीक्षणाची दखल घ्यावयास हवी. पेशींची आवरणे ज्या फॉस्फोलिपिडांची बनतात, त्यांचा एका रेणूइतका जाड थर पाण्यावर पसरून त्यात फ्लोरिनयुक्त मेदाम्ले मिसळून पाहतात. फ्लोरिनयुक्त साखळी पाणी आणि तेल या दोहोंनाही दूर सारते. तरीही ही आम्ले त्या थरात शिरतात. कधी ती सर्वत्र पसरून थराची घट्ट बांधणी सैल करतात, कधी आपली वेगळी बेटे करून राहतात. साखळ्यांच्या लांबीवर ते बरेचसे ठरते. साधी मेदाम्ले जीवाणू पचवितात. कार्बन-फ्लोरिन बंधापुढे मात्र त्यांचे फारसे चालत नाही.

याच कुळातील पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलनसूचीत गेले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्ककारक ठरविले. इटलीत त्रिसिनो येथील मिटेनी कारखान्यामुळे भूजल नासले. २०१८ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि पुढे तेथील यंत्रसामग्री रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुरामला आली. तेव्हा हा प्रश्न परदेशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. नफा कारखान्याचा आणि शुद्धीकरणाचा खर्च गावाचा, हा हिशेब आपल्याकडे नवा नाही! भंडाऱ्याच्या तलावांचे पाणी आजच तपासून आकडे नोंदविले, तर उद्या दूषण कोणाचे हे पुराव्यानिशी सांगता येईल. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत या तपासणीसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी.