बाटली खाल्ली, पाकिटाचं काय?

परवा कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने फॉरवर्ड टाकलं. 'शास्त्रज्ञांनी शोधला प्लास्टिक खाणारा जीवाणू! आता कचऱ्याची चिंता मिटली!!' खाली सात अंगठे, चार टाळ्या आणि एक 'सुपर्ब यार'. सात अंगठ्यांतला एक माझा. कारण सांगते. माझ्या टेबलाखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा एक खच आहे. पत्रकार परिषदेला गेलं की हातात प्रेस नोट आणि अर्ध्या लिटरची बाटली हे ठरलेलं. दोन घोट प्यायचे, बाकीची पर्समध्ये कोंबायची आणि घरी आणून टेबलाखाली ढकलायची. पर्यावरणावरच्या सेमिनारमध्येसुद्धा हेच! त्यामुळे कुणीतरी हे सगळं गपागप खाऊन टाकणार म्हटल्यावर मला कोण बरं वाटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खच खाली न्यायचा मुहूर्त लागला. पुण्यात आमच्या सोसायटीत 'स्वच्छ'च्या एक मावशी कचरा घ्यायला येतात. मी बाटल्या पोत्यात टाकता टाकता ज्ञान पाजळलं, "मावशी, माहितीये का, जपानमध्ये बाटल्या खाणारा जंतू सापडलाय."

"काय सांगता ताई! म्हणजे आमच्या पोटावर पाय," मावशी हसत म्हणाल्या. मग माझ्याच पिशवीतून वेफर्सचं एक चकचकीत पाकीट काढून दाखवलं. "ह्ये खातो का पण तो? ह्ये कोणीच घेत नाही बघा. ना भंगारवाला, ना कोण."

मला काय माहीत! मास कॉममध्ये हे शिकवत नाहीत. मग घरी येऊन वाचायला बसले, दोन रात्री गेल्या, आणि आता त्या फॉरवर्डवाल्याशी मला थोडं बोलायचं आहे.

आधी चांगली बातमी. तो जीवाणू खरा आहे. ओसाकाजवळ साकाई नावाचं शहर आहे. तिथल्या बाटल्यांच्या रिसायकलिंगच्या जागेवरून जपानी शास्त्रज्ञांनी माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले. (पीएचडीसाठी ॲडमिशन घ्यावी आणि गाइडने हातात डबा देऊन गाळ आणायला पिटाळावं, अशातली गत.) या नमुन्यांमध्ये पेटची पातळ फिल्म टाकायची आणि कुणी तिला तोंड लावतंय का ते बघत बसायचं. पेट म्हणजे पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लास्टिक. एका नमुन्यात फिल्म खरंच झिजायला लागली. तिथून वेगळा काढलेला हा जीवाणू, आयडिओनेला साकाइएन्सिस. गावाचं नाव थेट आडनावासारखं लागलं! ३० अंश तापमानाला त्याने साधारण सहा आठवड्यांत ती फिल्म जवळजवळ फस्त केली. मार्च २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये ही गोष्ट छापून आली आणि जगभर बोंबाबोंब झाली.

गंमत बघा, पेट माणसाने १९४१ मध्ये बनवलं, तेही बाटलीसाठी नाही, कापडासाठी. आपलं पॉलिएस्टर म्हणजे पेटच. बाटलीचं पेटंट तर १९७३ चं. पाऊणशे वर्षांत एका जीवाणूने हे जेवण शिकून घेतलं. आमच्याकडे घरात ओट्स यायला यापेक्षा जास्त वेळ लागला असेल.

हे तो शिकला कसा? पेट ही एक लांबच लांब माळ असते. दोन प्रकारचे मणी, एकाआड एक ओवलेले: टेरेफ्थॅलिक ॲसिड आणि इथिलीन ग्लायकॉल. मण्यांमध्ये जी गाठ आहे तिला एस्टर म्हणतात. आता झाडाचं पान हातात घ्या. वर जे मेणचट कवच असतं त्यातला मुख्य पदार्थ क्युटिन, आणि त्यातही याच जातीच्या गाठी. म्हणजे पॉलिएस्टर निसर्गात आपल्या फार आधीपासून आहे! आणि पानं कुजवणाऱ्या बुरश्या-जीवाणूंकडे या गाठी कापायची कात्री, म्हणजे एन्झाइम, तेव्हापासून आहे. साकाईच्या पठ्ठ्याकडे दोन कात्र्या निघाल्या. एक माळेचे तुकडे करते, दुसरी त्या तुकड्यांचे सुटे मणी.

पण सहा आठवड्यांत एक पातळ फिल्म हा काही कारखान्याचा वेग नव्हे. तिथून पुढे संशोधक या कात्रीला धार लावत बसलेत. २०१८ मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्स्मथ विद्यापीठाने आणि अमेरिकेच्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने मिळून तिची बारीक रचना तपासली आणि तपासता तपासता, चक्क न ठरवता, ती थोडी जास्त चालायला लागली. साधारण वीस टक्के. बातम्या मात्र अशा आल्या की जणू समुद्र उद्या साफ होणार.

खरी उडी २०२० ची, आणि तिचा हीरो साकाईचा जीवाणू नाहीच. २०१२ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या लोकांना पालापाचोळ्याच्या खतात एक क्युटिन कापणारं एन्झाइम सापडलं होतं. म्हणजे आपल्या सोसायटीच्या मागे असतो तसल्या खड्ड्यात! फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीने आणि तूलूझच्या शास्त्रज्ञांनी त्यात नेमके बदल केले. निकाल 'नेचर'मध्ये आला: ७२ अंशांना, १० तासांत, ९० टक्के पेट सुट्या मण्यांत. त्या मण्यांपासून पुन्हा बाटली बनवली, तीही पहिल्या धारेच्या प्लास्टिकसारखी. २०२२ मध्ये टेक्सासच्या विद्यापीठाने कॉम्प्युटरला शिकवून आणखी एक कात्री घडवली. तिने ५० अंशांनाच, आठवड्याभरात, ५१ वेगवेगळ्या वापरलेल्या डब्या-ट्रे जवळपास संपवले. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता, कबूल.

आता ७२ अंशच का? चिक्की आठवा. गार असताना दगड, जरा तापवली की लवचिक. पेटही सत्तरच्या आसपास सैल पडतं आणि कात्रीला आत शिरायला जागा मिळते. पण बाटलीत आणखी एक लोचा आहे. बाटली फुगवताना प्लास्टिक ताणलं जातं आणि माळा शिस्तीत एकमेकींना चिकटून बसतात. सहाच्या लोकलमधल्या गर्दीसारख्या. आत कुणाला शिरता येत नाही. म्हणून आधी बाटली दळायची, वितळवायची, झटकन गार करायची, मग एन्झाइम घालायचं. वर, सुटणारे मणी ॲसिडचे, त्यामुळे टाकीत अल्कली ओतत राहायची आणि शेवटी ढीगभर क्षार उरतो. थोडक्यात, कचराडेपोवर जीवाणूची फवारणी करून आपण घरी बसलो, असं काही होणार नाहीये. ही मोठमोठ्या टाक्यांची, विजेची, वर्गवारी केलेल्या कचऱ्याची फॅक्टरी आहे. आणि बाटली त्या टाकीपर्यंत कुणीतरी नेऊन पोचवावी लागते.

मावशींच्या प्रश्नाकडे येते. वेफर्सचं पाकीट पेटचं नसतं. ते बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचं, वर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा. त्याच्या माळेत गाठच नाही! कार्बनला कार्बन, कार्बनला कार्बन, अख्खी माळ तशीच सलग. कात्री कितीही धारदार असू दे, कापायला गाठ कुठाय? दुधाची पिशवी, भाजीवाल्याची कॅरीबॅग म्हणजे पॉलिइथिलीन, त्याचंही हेच. शाम्पूची पुडी तर थरावर थर चिकटवलेली. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या अळ्या पॉलिइथिलीनची पिशवी कुरतडतात हे स्पेनमधल्या एका शास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं (त्या हौसेने मधमाश्या पाळतात, अळ्या पिशवीत भरून ठेवल्या तर पिशवीला भोकं). २०१७ मध्ये ते छापून आलं, २०२२ मध्ये अळ्यांच्या लाळेतली एन्झाइम्सही जाहीर झाली. पण ७२ अंश, १० तास, ९० टक्के असा हिशोब तिथे अजून मांडता येत नाही.

तर माझ्या अंगठ्याची गोची इथे झाली. जे प्लास्टिक हा जीवाणू खातो, ते आपल्याकडे गटारात फारसं पडून राहतच नाही. रिकामी बाटली रस्त्यावर टाका आणि मोजा किती वेळ टिकते. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा पॅकेजिंग उद्योगाच्या साथीने केलेला अभ्यास २०१७ मध्ये गाजला होता. आपल्याकडचं ९० टक्क्यांच्या आसपास पेट पुन्हा वापरात येतं असं त्यात होतं. उद्योगाची साथ होती म्हणून आकडा थोडा चिमटीत धरा हवं तर. पण दिशा तीच. आणि हे काम कुठल्या एन्झाइमने केलेलं नाही. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. दारोदारचा कचरा, हातांनी वेगळा केलेला. बाटलीला भाव आहे म्हणून बाटली उचलली जाते, पाकिटाला भाव नाही म्हणून पाकीट नाल्यात जातं आणि जुलैमध्ये तोच नाला आपल्या पार्किंगमध्ये येतो.

मग एन्झाइमचा उपयोग काय, शून्य? नाही हो. तुमचं कपाट उघडा. जिमचे टी-शर्ट, ट्रॅक पँट, ऑफिसचा 'नो आयर्न' शर्ट... सगळीकडे पॉलिएस्टर. आपल्या बऱ्याचशा बाटल्यांची पुन्हा बाटली होत नाही, त्यांचा धागा होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान संसदेत बाटल्यांपासून बनवलेलं निळं जाकीट घालून गेले होते, ते आठवत असेल. छानच. पण ते जाकीट फाटल्यावर? रंग, कॉटनची भेसळ, बटणं, चेन... दळून-वितळवून त्यातून धड काही मिळत नाही. म्हणजे बाटलीचा प्रवास जाकिटापाशी खलास. एन्झाइम इथे कामाचं, कारण त्याला फक्त गाठ दिसते, आजूबाजूचा रंग नाही. २०२४ मध्ये कार्बिओसने कापडाच्या कचऱ्यापासून या पद्धतीने बनवलेला एक साधा पांढरा टी-शर्ट दाखवला. दिसायला अगदीच मामुली. पण मला विचाराल तर सगळ्या 'प्लास्टिक खाणारा जीवाणू' हेडलाइन्सपेक्षा तो टी-शर्ट महत्त्वाचा.

त्याच कंपनीने ईशान्य फ्रान्समध्ये लाँगलाविल इथे वर्षाला ५०,००० टन क्षमतेच्या कारखान्याचं २०२४ मध्ये भूमिपूजन केलं, आणि वर्षअखेर पैशाची जुळवाजुळव होईना म्हणून काम पुढे ढकललं. कात्री अडली नाही, हिशोब अडला. तेलापासून बनणारं नवं पेट स्वस्त पडतं, दुसरं काय. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी कंपन्यांवर अट घातली की कडक प्लास्टिकच्या पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के माल रिसायकल केलेला हवा. म्हणजे चांगल्या, स्वच्छ बाटल्यांची मागणी वाढणार. उद्या असा एखादा कारखाना चाकणला आला तर त्यालाही याच बाटल्या लागतील. तेव्हा बाटली थेट सोसायटीतून कंपनीच्या ट्रकमध्ये जाणार, की मावशींच्या पोत्यातून? जीवाणूवरच्या कुठल्याही पेपरात हा कॉलम नसतो.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. उत्तर आलं, 'टू लाँग, डिडन्ट रीड'. असो.

मावशींना मात्र पूर्ण सांगितलं, चिक्की आणि गर्दीसकट. पाकीट खात नाही म्हटल्यावर त्यांनी 'वाटलंच' अशी मान हलवली. पोत्याचं तोंड बांधत म्हणाल्या, "मग बाटलीला किलोमागं काय भाव देतात वो ते जपानवाले?"

"आता फ्रान्सवाले, मावशी."

"कोण का असंना. भाव काय?"