चावी कुणाकडे?

आमच्या उर्दू शाळेत संगणकाची खोली आहे आणि तिला कुलूप आहे. ‘पोरं बिघडवतील’ म्हणून चावी कपाटात!

सरकारकडे योजना नव्हत्या असे नाही. २०१७ साली केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढले. ६ कोटी ग्रामीण कुटुंबे, घरटी एक माणूस, २० तासांचे शिक्षण. मार्च २०२४ मध्ये ते संपले, उद्दिष्ट गाठल्याचे आकडेही जाहीर झाले. पण महाराष्ट्रातला बहुसंख्य मुसलमान शहरात राहतो. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांची मुले ‘ग्रामीण’ या एका शब्दाने बाहेर राहिली. आणि खेड्यात तरी घरटी एकच म्हटल्यावर नाव कुणाचे लागणार? भावाचे की बहिणीचे?

राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे. अनेक सरकारी पदांना तो दाखला लागतो, फी मात्र आईबापांनी भरायची. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या हाती दाखला, हे कसले धोरण?

शाळा सुटल्यावर या खोल्या उघडा. मोहल्ल्यातील मुलींना, त्यांच्या अम्मींना उर्दू-मराठीतून शिकवा. शिक्षकाला त्या तासांचा मोबदला द्या. दाखले मोजू नका. अर्ज भरता येतो का, हिशेब मांडता येतो का, ते पाहा.

आणि आपण? दावतीत लाख उधळणारे आपण मुलीच्या फीला हात आखडतो. सरकारला जाब विचारूच. पण बंधूंनो, आधी आपापल्या शाळेत जाऊन चावी तर मागा!