स्क्रिप्ट टाकली, पण राखणार कोण?

इव्हेंटचे दिवस जवळ आले की प्रत्येक विभागात एक घोषणा हमखास होते : "यंदा सगळं रजिस्ट्रेशन ऑनलाइन!" टाळ्या पडतात. मग कुणीतरी हुशार पोरगा रात्र जागवून नेटवरून एक तयार स्क्रिप्ट उतरवतो, सर्व्हरवर चढवतो आणि सकाळी फॉर्म चालू! सर खूष, आपण खूष. इव्हेंट होतो, फोटो निघतात, सर्टिफिकेटं वाटली जातात. आणि ती स्क्रिप्ट? ती तिथंच असते. पुढच्या वर्षीही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. टाकणारा तोवर पुण्याला नोकरीला लागलेला असतो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेलेला असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या स्क्रिप्टला राखणदार नाही, ती सर्व्हरवर टाकूच नये. मग ती कितीही चांगली असो आणि टाकणारा कितीही हुशार असो.

सिव्हिल-मेकॅनिकलच्या दोस्तांसाठी दोन शब्द. साधं एचटीएमएलचं पान म्हणजे नोटीस बोर्ड. लावलं की लावलं, येणारा जाणारा वाचतो. सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट मात्र मेसच्या भटारखान्यासारखी असते. आपल्यासमोर फक्त ताट येतं. आत काय शिजलं, कोणत्या भांड्यात शिजलं, हे आपल्याला दिसत नाही. तुम्ही नाव-नंबर भरून बटण दाबता, आत पीएचपीसारख्या भाषेतला प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमध्ये नोंद होते आणि "धन्यवाद" एवढंच तुमच्या स्क्रीनवर येतं. नोटीस बोर्डाला कुलूप नसलं तरी फारसं बिघडत नाही. भटारखान्याचं मागचं दार उघडं राहिलं तर?

आणि दार उघडं राहतं, कारण स्क्रिप्ट टाकणं फारच सोपं झालंय. फाइली अपलोड करा, डेटाबेस तयार करा, कॉन्फिगच्या फाइलमध्ये युजरनेम-पासवर्ड लिहा, ब्राउझरमधून इन्स्टॉल चालवा. अर्ध्या तासाचं काम! मध्येच "परमिशन डिनाइड" आलं की कुणीतरी सांगतं, "७७७ कर की, चालतंय." म्हणजे सर्व्हरवरच्या कुणालाही ती फाइल वाचायची, बदलायची, चालवायची मोकळीक. खरं तर फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ बहुतेक वेळा पुरतं. पण चाललं ना, मग बघतोय कोण? इन्स्टॉलचं फोल्डर पुसायचं राहतं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन'च राहतो. असो.

यातून काय होतं, याचे दाखले जुनेच आहेत. १९९५ च्या सुमारास मॅट राइट नावाच्या अमेरिकन मुलानं पर्लमध्ये लिहिलेली 'फॉर्ममेल' ही फुकट स्क्रिप्ट जगभर पसरली. फॉर्म भरला की मेल जाणार, एवढंच तिचं काम. पण मेल कुणाला जाणार हे जुन्या आवृत्त्यांत फॉर्ममधूनच ठरत असल्यानं स्पॅमवाल्यांना आयतं पोस्ट ऑफिस मिळालं. वेबसाइट तुमची, नाव तुमचं, आणि जाहिराती त्यांच्या! पुढं खुद्द मॅट राइटनंच लोकांना सांगितलं की माझ्याऐवजी दुसऱ्यांनी नव्यानं लिहिलेली स्क्रिप्ट वापरा. पण ज्यांनी आधीच टाकून ठेवली होती आणि विसरले होते, त्यांच्यापर्यंत हे पोचवणार कोण?

दुसरा दाखला डिसेंबर २००४ चा. 'पीएचपीबीबी' या लोकप्रिय स्क्रिप्टमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन 'सँटी' नावाचा वर्म सुटला. तो गुगलवर शोध घेऊन कच्च्या साइट सापडवायचा आणि पानं पुसून आपलं नाव लिहायचा. हजारो साइट गेल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ती चूक दुरुस्त केलेली आवृत्ती नोव्हेंबरमध्येच आली होती. म्हणजे औषध महिनाभर आधी दुकानात होतं, आणायला माणूस नव्हता!

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आता सगळं आपोआप होतं. खरंय, वर्डप्रेसनं २०१३ मध्ये ३.७ आवृत्तीपासून किरकोळ आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवायची सोय केली. पण आपण वर लावलेल्या दहा प्लगइनांचं काय? त्यातलं एखादं लिहिणाऱ्यानंच सोडून दिलं असेल तर? आणि जमीनही पायाखालून सरकते. पीएचपीच्या ५.६ आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं डिसेंबर २०१८ मध्ये बंद झालं. डेटाबेसशी बोलायची जुनी 'मायएसक्यूएल' फंक्शनं २०१५ मध्ये पीएचपी ७ मधून काढूनच टाकली. लायब्ररीत सीनियर्सच्या प्रोजेक्टच्या सीडी आहेत ना, त्यातल्या कितीतरी आज एवढ्याच कारणानं चालणार नाहीत. कोड खराब नव्हता, त्याच्याकडे मागं वळून बघणारं कुणी नव्हतं.

राखणदार हवा तो आपल्या भाषेसाठीसुद्धा. बाहेरून आणलेली स्क्रिप्ट इंग्रजी नावांवर तपासलेली असते. 'कोल्हापूर' हा शब्द युनिकोडमध्ये नऊ चिन्हांचा, पण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे २७ बाइट. पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन २७ च सांगतं. नावाला वीसची मर्यादा घातलेली स्क्रिप्ट आपल्या गावाचं नावच नाकारणार! डेटाबेसची लिपी लॅटिन ठेवली तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. हे टाकायच्या दिवशी कळत नाही, यादी छापायच्या दिवशी कळतं.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा समूहात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार, एनआयसी आणि वारणा यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीकडच्या सुमारे ७० गावांत संगणक नेले. शेतकऱ्याला उसाची नोंद, वजन, बिल याची माहिती गावातच मिळावी, त्यासाठी कारखान्यावर हेलपाटे पडू नयेत, हा हेतू. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या लोकांनी तिथंच 'वारणा अनवायर्ड' नावाचा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने पीसीऐवजी मोबाइल. शेतकऱ्यानं एसएमएस करायचा, पलीकडं फोन जोडलेला एक संगणक तो वाचणार, नोंद शोधणार आणि उत्तर परत पाठवणार. सर्व्हरवरची स्क्रिप्ट म्हणजे हेच की! २००७ साली या प्रयोगाचा निबंध आला. पीसीवर होत होतं ते सगळं एसएमएसवर झालं, तेही कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं.

मला यात तंत्रापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. पीसी जाऊन मोबाइल आला तरी उसाची नोंद तीच राहिली. यंत्रं बदलली, प्रोग्रॅम बदलले, पण नोंदी नीट असल्यामुळंच हे जमलं. नोंदी नीट का? कारण वजन चुकलं तर शेतकरी दारात उभा राहतो. तिथं जाब विचारणारा माणूस आहे. आपल्या इव्हेंटच्या स्क्रिप्टला जाब विचारणारं कोण आहे?

जाब विचारायची वेळ मात्र येते, बरं का. एका कॉलेजच्या (नाव सांगत नाही) जुन्या स्पर्धेच्या फॉर्मची यादी आमच्या हॉस्टेलवरच्या मुलांना नेटवर अशीच शोधता शोधता सापडली. स्पर्धा होऊन दोन वर्षं झालेली. पण नाव, मोबाइल नंबर, घरचा पत्ता सगळं उघडं. त्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीचाही नंबर होता. अनोळखी मेसेज कुठून येतात, हे तिला तेव्हा कळलं. कंटाळून तिनं शेवटी नंबर बदलला. तक्रार करायला फोन केला तर पलीकडून उत्तर : "ते काम बघणारी बॅच पास आउट झाली." म्हणजे दोष कुणाचाच नाही! २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात सांगितलंय की काम संपलं की माहिती पुसा, आणि राखण्यात हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायद्याची भीती कशाला? आपल्या बहिणीचा नंबर त्या यादीत आहे असं समजा, पुरे आहे.

मग काय, स्क्रिप्टच टाकायच्या नाहीत? तसं नव्हे. शिकायला जरूर टाका, पण आपल्या मशीनवर. तिथं मोडतोड करा, कुणाचं काही जात नाही. कॉलेजच्या सर्व्हरवर टाकायची असेल तर चार गोष्टी ठरवूया. एक, विभागात एक रजिस्टर असावं. त्यात स्क्रिप्टचं नाव, आवृत्ती, टाकल्याची तारीख, शेवटचा बॅकअप आणि जबाबदार माणूस. दोन, ऑफिसात जसा चार्ज देतात-घेतात, तसा शेवटच्या वर्षानं तिसऱ्या वर्षाला चार्ज द्यावा, सरांच्या सहीनिशी. तीन, फॉर्ममध्ये लागेल तेवढंच विचारावं आणि इव्हेंट संपल्यावर महिन्याभरात माहिती पुसावी. टी-शर्टच्या मापासाठी आधार नंबर कशाला हवा? चार, जूनमध्ये चार्ज घ्यायला कुणीच पुढं आलं नाही, तर स्क्रिप्ट उतरवून तिथं साधं पान लावावं.

आणि स्टाफला एक नम्र विनंती. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय 'नवीन'च हवा, हा आग्रह थोडा सोडा. सीनियर्सची स्क्रिप्ट नव्या पीएचपीवर आणणं, तिच्यातली भोकं बुजवणं, ती मराठीत नीट चालवणं, हाही प्रोजेक्ट धरा. त्याला मार्क द्या. कंपनीत गेल्यावर दुसऱ्यानं लिहिलेला कोड सांभाळायचं कामच बहुतेकांच्या वाट्याला येतं. ते इथं शिकलं तर बिघडलं कुठं?

गावाकडं म्हैस दावणीला बांधण्याआधी वैरणीचा विचार करतात. धार काढायला सगळेच तयार असतात, पण शेण कोण काढणार हेही आधीच ठरतं. आपण इंजिनिअर होणार म्हणतो, मग एवढा विचार आपल्यालाही करता यायला हवा, नाही का? पटलं तर रजिस्टरची सुरुवात याच सेमिस्टरला करूया. नाही पटलं तर भांडायला हॉस्टेलवर या, चहा माझ्याकडून!